नावानिशी आमंत्रण

"बाबा, तुम्हाला कधी कुणी सांगितलं का हो, गाताना तुम्ही कसे दिसता ते?"

प्रश्न विचारून निवेदितानं जीभ दातांखाली धरली. प्रश्न तिचा नव्हताच मुळी. शाळेच्या मधल्या सुट्टीत हर्षिता आणि गरिमानं तिला डिवचलं होतं, "हिम्मत है तो पूछ के दिखा!" आणि ती खरंच विचारते की नाही हे ऐकायला त्या दोघी आत्ता फोनवर कान लावून बसल्या होत्या. फोन मोरीतल्या साबणाच्या डबीला टेकवलेला होता.

रमाकांत आरशासमोर उभे राहून मिशीला कलप लावत होते. संध्याकाळी लग्न होतं. अर्धी मिशी काळी आणि अर्धी पांढरी, अशा अवस्थेत त्यांनी ब्रश थांबवला.

"कसा दिसतो?"

"म्हणजे... मान अशी वर जाते. गळ्याची शीर फुगते. चष्मा घसरत घसरत नाकाच्या शेंड्यावर येतो. आणि शेवटचा सूर लावता ना, तेव्हा तर सगळे बघतात, आता पडणार, आता पडणार!"

रमाकांतांनी क्षणभर विचार केला. "मला कसं कळणार? माझे डोळे मिटलेले असतात."

साबणाच्या डबीमागून हास्याचा असा स्फोट झाला की रमाकांतांच्या हातचा कलप गालाला लागला.

"कोण आहे तिथं?"

"हर्षिता आणि गरिमा," निवेदिता हसू दाबत म्हणाली.

"नमस्ते बेटा," रमाकांत अत्यंत गंभीरपणे साबणाच्या डबीला म्हणाले, आणि उरलेली मिशी रंगवू लागले.

असे होते रमाकांत. माधवगंजातल्या औषधांच्या दुकानात काउंटरवर उभे राहायचे, डॉक्टरांचं अगम्य अक्षर लावायचे आणि 'जेवणाआधी, जेवणानंतर' एवढंच दिवसभर बोलायचे. राहायला दाना ओली नावाच्या गल्लीत, दोन खोल्या आणि वर गच्ची. रस्त्यात दिसले तर कुणी दुसऱ्यांदा वळून बघू नये असा माणूस. पण लष्कर नावाच्या शहराच्या जुन्या भागातल्या मराठी घरात लग्न ठरलं की, हॉलच्याही आधी रमाकांतांना विचारलं जायचं, "तारीख मोकळी आहे ना?" कारण मंगलाष्टकं त्यांच्यासारखी कुणी म्हणत नसे. ते प्रत्येक लग्नाला नवी रचायचे, आणि त्यात माणसं गुंफायचे. मुलाचे आईवडील, मुलीची आत्या, गुडघेदुखीमुळे पहिल्या रांगेत बसलेली पणजी, एकूण एक, नावानिशी. आपलं नाव आलं की माणूस खुर्चीत सावरून बसे. बिदागी म्हणून नारळ आणि उपरणं. त्यापलीकडे काही घेतलं तर आवाज बसतो, असं त्यांचं म्हणणं.

"पण डोळे मिटता कशाला?" निवेदितानं विचारलं. हा प्रश्न मात्र तिचा स्वतःचा होता.

"उघडे ठेवले की नावं विसरतात. ज्या मामाचं नाव घ्यायचं, तो मामा समोर पाणीपुरीच्या रांगेत भांडताना दिसतो. मग वृत्त मोडतं." त्यांनी गाल पुसला. "आणि जे येऊ शकले नाहीत, ते डोळे मिटल्यावरच दिसतात ना."

शेवटचं वाक्य निवेदितानं ऐकलं आणि सोडून दिलं. तिला घाई होती. तिच्या डोक्यात रील शिजत होती.

गेल्या वर्षापर्यंत ही मुलगी वर्गात हजेरीसुद्धा अशी द्यायची की मॅडम तिला गैरहजर लावायच्या. पण यंदा, अकरावीत, वार्षिकोत्सवात ऐन वेळी सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीला ताप आला आणि कुणीतरी माइक निवेदिताच्या हातात कोंबला. माइकमधून स्वतःचा आवाज पुऱ्या मैदानावर पसरताना तिनं ऐकला, आणि मग काय! तेव्हापासून ती जी बोलत सुटली होती ती थांबायचं नाव नव्हतं. तिनं खातंही उघडलं होतं. नाचाचे, किल्ल्याचे, तिळाची गजक खातानाचे व्हिडिओ. बघणारे मोजून हर्षिता, गरिमा आणि इंदूरची मावशी.

"हॅशटॅग डालती नहीं है, इसलिए," हर्षितानं निदान केलं होतं. "जाल जितना बड़ा, मछली उतनी ज़्यादा. जो ट्रेंडिंग है, सब डाल दे."

त्या संध्याकाळी लग्नात निवेदितानं बाबांना विचारून त्यांचा व्हिडिओ घेतला. विचारल्यावर रमाकांत केवढे खूश झाले! उपरणं नीट केलं, चष्मा पुसला. मग डोळे मिटले, मान वर गेली, शीर फुगली, आणि शेवटचा सूर असा काही लांबला की फटाकेवालासुद्धा काडी हातात धरून थांबला.

घरी आल्यावर निवेदिता व्हिडिओखाली शब्द भरत बसली. रमाकांत मागून डोकावले.

"हे खिडकीच्या जाळीसारखं काय आहे?"

"हॅशटॅग, बाबा. जो माणूस हा शब्द शोधेल, त्याला आपला व्हिडिओ दिसणार."

"म्हणजे आमंत्रणच झालं की."

"एकदम करेक्ट!"

रमाकांत चष्मा वर करून वाचू लागले. "वायरल... कॉमेडी... फनी... पंजाबी वेडिंग? आपल्यात पंजाबी कोण आहे?"

"कुणी नाही, बाबा. पण त्यानं ज्यादा लोक येतात."

"लोक येतात. पण अगं, कॉमेडीचं आमंत्रण दिलंस तर ते हसायलाच येतील ना?" एवढं बोलून ते झोपायला गेले. निवेदितानं शेवटी 'क्रिंज' टाकलं, कारण हर्षिताच्या मते ते सध्या सगळ्यात जोरात होतं, आणि बटण दाबलं.

मग जे झालं ते झालं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आकडे असे पळत सुटले की निवेदिताला भोवळ यायची बाकी राहिली. हजार, दहा हजार, लाख! ती पलंगावर उभी राहून नाचली. "आई, आपण फेमस झालो!" रमाकांत दुकानातून आल्याबरोबर तिनं त्यांच्यासमोर फोन धरला. "एवढ्या लोकांनी मंगलाष्टक ऐकलं?" ते पुटपुटले, आणि त्या रात्री जेवताना दोनदा हसले, कारण नसताना.

ऐकलं होतं खरं. पण कसं ऐकलं होतं, ते निवेदिताला एक-दोन दिवसांत कळलं. बाबांचा तो शेवटचा सूर लोकांनी कापून घेतला होता. कुणाची स्कूटर सुरू होत नव्हती, तिच्यावर बाबांचा सूर. कुणाची बकरी तोंड उघडत होती, तिच्या तोंडी बाबांचा सूर. आणि सगळ्यात जास्त चाललेल्या व्हिडिओत गॅसवर कुकर होता, शिट्टीच्या जागी बाबा. नावही पडलं: कुकरकाका. शाळेत प्रार्थनेच्या रांगेत मागच्या मुलांनी शिट्टी काढली. निवेदितानं हसून घेतलं, पण दुपारचा डबा तिनं न उघडताच घरी परत आणला.

"चिल कर ना," हर्षिता म्हणाली. "हँस ही तो रहे हैं."

"तुझ्या पप्पांवर हसले असते तर?" गरिमा हर्षिताला म्हणाली. गरिमा मराठी होती, माधवगंजातली.

बाबांना यातलं काही माहीत नव्हतं. ते बटणांचा फोन वापरायचे. निवेदितानं ठरवलं, कळूच द्यायचं नाही.

पण रविवारी विश्वासरावांचा फोन आला. दर्पण कॉलनीतले विश्वासराव. त्यांच्या समरजीतचं लग्न मार्गशीर्षात होतं. खुद्द विश्वासरावांच्या लग्नात रमाकांतांनीच मंगलाष्टकं म्हटली होती, तेव्हा मुलाच्या लग्नाचं न बोलता ठरलेलंच होतं. रमाकांत मटार सोलत बसले होते, म्हणून निवेदितानं फोन स्पीकरवर लावून टोपलीजवळ ठेवला.

"रमाकांतराव, काय हो, छा गए आप!" विश्वासरावांचा आवाज गडगडला. "बरं, असं आहे, की मंगलाष्टकं यंदा रेकॉर्डेड आहेत. इव्हेंटवाल्यांचं सगळं सेट असतं ना. पण तुम्ही यायचंच! पोरांची फर्माइश आहे. रिसेप्शनला स्टेजवर तो एक कुकरवाला आवाज काढा, बस. सगळे रील बनवतील. मजा येईल."

"कुकरवाला?" रमाकांतांनी विचारलं.

"अरे, म्हणजे तुम्हाला... तो व्हिडिओ नाही का! कुकरकाका!"

निवेदितानं फोनवर झडप घातली, पण उशीर झाला होता. रमाकांतांनी हातातली शेंग सोलून संपवली. मग नेहमीच्याच मऊ आवाजात म्हणाले, "त्या दिवशी जमेलसं वाटत नाही, विश्वासराव. दुकान आहे." आणि फोन ठेवून पुन्हा मटार सोलू लागले. अपर्णानं, म्हणजे निवेदिताच्या आईनं, पातेलं उचललं तेव्हा दिसलं: पातेल्यात सालं होती आणि दाणे कचऱ्याच्या डब्यात.

ते निवेदिताला काही बोलले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. फक्त आंघोळीच्या वेळी मोरीतून येणारं गुणगुणणं बंद झालं. गल्लीतल्याच एका लग्नाचं बोलावणं आलं, तर म्हणाले, घसा धरलाय. औषधाच्या दुकानातला माणूस, त्याचा घसा पंधरवडाभर धरलेला. अपर्णा नवऱ्याकडे बघायची, मग मुलीकडे बघायची, आणि पोळी लाटायची.

निवेदिता गच्चीवर उन्हात फोन घेऊन बसली. व्हिडिओ काढून टाकायला एक सेकंद लागला. पण कापलेला सूर गावभर फिरत होता, तो कुठून काढणार? काढण्याआधी तिनं आपणच टाकलेले ते शब्द एकदा नीट वाचले होते. कॉमेडी. फनी. क्रिंज, म्हणजे बघणाऱ्यालाच लाज वाटावी असं. जाळीमागून जाळी. लोकांचं काय चुकलं? आपण त्यांना हसायला बोलावलं, ते आले आणि हसले. आमंत्रणच तसं होतं, आणि बाबा त्याच रात्री तसं म्हणालेही होते.

मग तिला बाबा आठवले, लग्नाआधी आठ दिवस लोकांच्या घरी जाऊन विचारणारे: आत्याचं नाव काय? माहेरचं की सासरचं घेऊ? आजोबा कुठं नोकरीला होते? बाबा 'सर्व पाहुणे' असं कधीच म्हणत नसत. ते एकेकाला हाक मारत.

ती धडधडत जिना उतरली. "बाबा, एक मंगलाष्टक म्हणा. मला पुन्हा व्हिडिओ करायचाय."

"आता कशाला, बेटा?"

"माझं ऐका ना!"

"ऐकलं की एकदा," रमाकांत म्हणाले. तेवढंच काय ते लागेल असं बोलले.

निवेदिताच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा अपर्णानं लाटणं खाली ठेवलं.

"मी सांगते म्हणून म्हणा," ती म्हणाली. "आपल्या लग्नातलं म्हणा."

"अगं, ते काय..."

"निवी, तुला माहीत नसेल. आमच्या लग्नात मंगलाष्टक म्हणायला कुणी नव्हतं. गाणारा एकच माणूस, तोच नवरा! तर हे अंतरपाटाच्या पलीकडून स्वतःच सुरू झाले. भटजी बघतच राहिले. माझ्या आईचं नाव घेतलं, काकांचं, शेजारच्या शर्मा भाभीचं. आणि मला तिकडं यांचा चेहरा दिसेना, नुसता आवाज. मी मनात म्हटलं, चेहरा कसा का असेना, चालेल."

"कसा का असेना?" रमाकांत म्हणाले.

"मग काय! नंतर पाहिला मी. कमीच पडला आवाजापुढे."

रमाकांत हसले. पंधरवड्यात पहिल्यांदा. त्यांनी चष्मा सारखा केला, अपर्णाकडे पाहिलं आणि डोळे मिटले. स्वयंपाकघरातच, तव्याजवळ उभं राहून. निवेदितानं फोन धरला.

या वेळी शब्द भरायला तिला तासभर लागला. मंगलाष्टक. दाना ओली. माधवगंज. लष्करचे मराठी. रमाकांत काका. मग आईनं आठवून आठवून सांगितलेली, बाबा ज्यांच्या लग्नांत गायले होते ती घराण्यांची आडनावं. हर्षितानं फोनवर कपाळ बडवलं. "पागल है क्या? ये कौन सर्च करेगा? सौ व्यूज़ भी नहीं आएँगे!"

"न येऊ देत," निवेदिता म्हणाली. "जिनको बुलाया है, वही आएँ."

हर्षिताचं खरं ठरलं. आकडे पळाले नाहीत. रांगले. पण गरिमाच्या आजीनं तो पाहिला आणि बहिणीला पाठवला. बहिणीनं घराण्याच्या ग्रुपवर टाकला. तिसऱ्या दिवशी व्हिडिओखाली माणसं यायला लागली, एकेक करून, लग्नाला येतात तशी. पुण्याहून कुणी लिहिलं, 'काका, माझ्या लग्नात तुम्ही माझ्या आत्याचं नाव घेतलंत, ती अजून सगळ्यांना सांगते.' इंदूरहून कुणी, 'आमच्याकडे लाइट गेली होती, काका अंधारात गायले.' कुणी परदेशातून, पहाटे तीनला, नुसतं 'माझं गाव!' निवेदिता वाचून दाखवायची आणि रमाकांत डोळे मिटून ओळखायचे. "हा गोखल्यांचा धाकटा. लग्नात ताप होता त्याला. पॅरासिटामॉल मीच दिली होती." आपले बाबा इतक्या घरांत राहतात, हे निवेदिताला पहिल्यांदाच कळत होतं. तिची छाती अशी फुगत होती की शाळेच्या स्वेटरचं बटण तुटायची वेळ आली.

मग एक मजकूर आला. तो वाचताना निवेदिताचा वेग आपोआप कमी झाला.

'मी दुर्गा. माहेर माधवगंज, आता नागपूर. माझ्या लग्नाआधी वडील गेले. काकांनी मंगलाष्टकात त्यांचं नाव घेतलं होतं. मी तेव्हा इतकी रडत होते की ओळ ऐकलीच नाही. लग्नाच्या व्हिडिओवर सगळीकडे बँड आहे. इतकी वर्षं वाटायचं, कुणाला तरी विचारावं. काकांना आठवत असेल का?'

खालून टेम्पोचा हॉर्न वाजत होता.

"वासुदेवराव," रमाकांत म्हणाले. "स्टेशनवर तिकीटबाबू होते. सुटे पैसे नसले तर स्वतःच्या खिशातून द्यायचे." त्यांनी डोळे मिटले. मान वर गेली. गळ्याची शीर फुगली, चष्मा घसरला, सगळं तसंच, कुकरवाल्या व्हिडिओत होतं तस्संच.

"देती आशिष वासुदेव वरुनी, दुर्गा निघे सासरी..."

निवेदितानं आवाज टिपला आणि नागपूरला पाठवला. व्हिडिओ केला नाही. हा सगळ्यांसाठी नव्हता.

बऱ्याच वेळानं उत्तर आलं. दोनच शब्द: 'ऐकलं, काका.'

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा विश्वासरावांचा फोन. या वेळी आवाज गडगडत नव्हता.

"रमाकांतराव, आमच्या आई बोलतील."

मंदाताई म्हणजे समरजीतची आजी. तिनं फोन हातात घेतला तो भांडायलाच. "काय रे रमाकांता, दुकान आहे म्हणे तुला? नातवाच्या लग्नात त्याच्या आजोबांचं नाव कोण घेणार? मशीन घेणार? मी सांगितलं विश्वासला, रमाकांत नसेल तर मी बोहल्याजवळ येणार नाही, इथंच स्वेटर विणत बसेन."

"पण ताई, ते कुकर..."

"कुकर घरी आहे माझ्याकडे, दोन आहेत. तू ये!" आणि फोन बंद.

रमाकांत फोनकडे बघत राहिले. निवेदिता टाळ्या वाजवायच्या बेतात होती, पण बाबांचा चेहरा पाहून थांबली.

"जायचं ना?" अपर्णानं हळूच विचारलं.

"मंदाताईंसाठी जायला हवं गं. पण तिथं पोरं असतील. मी मान वर केली की त्यांना ते आठवणार. ती हसणार." त्यांनी चष्मा काढून पुसला. "इतकी वर्षं मला माहीतच नव्हतं मी कसा दिसतो. आता डोळे मिटले, की मीच मला दिसतो."

निवेदिताला वाटलं, जमिनीनं पोटात घ्यावं. गेल्या वर्षीची निवेदिता असती तर तिनं तोंड उशीत खुपसलं असतं. पण ही यंदाची होती. ती आतल्या खोलीत गेली. बराच वेळ तिचं बोटांवर मोजणं आणि पुटपुटणं ऐकू येत राहिलं. जेवणं झाली, आवराआवर झाली, तेव्हा ती बाहेर आली आणि आईबाबांच्या समोर ताठ उभी राहिली, माइकसमोर उभी राहते तशी.

"ऐका. मी एक ओळ केलीय." तिनं घसा साफ केला. "नावे घेउनि साद घालुन जना, गाती रमाकांत हे."

रमाकांतांची बोटं गुडघ्यावर आपोआप चालली. त्यांनी ओळ पुन्हा मनात म्हटली आणि मुलीकडे बघत राहिले.

"वृत्तात बसते," ते म्हणाले. मग स्वतःला सावरून, "शेवटचा 'हे' मात्र भरतीचा आहे."

"अहो!" अपर्णा म्हणाली.

"नाही, चालतं. पहिल्यांदा सगळेच 'हे' भरतात. मीही भरला होता, तुझ्या आईच्या नावाच्या ओळीत."

"मग झालं तर," निवेदिता म्हणाली. "आता माझं ठरलंय, ते सांगते. दर्पण कॉलनीच्या लग्नाला आपण जाणार. पहिलं मंगलाष्टक तुम्ही म्हणायचं, दुसरं मी म्हणणार, तुमच्या शेजारी उभी राहून. उद्यापासून शिकवा. फोन मी घरी ठेवणार."

"आणि पोरं हसली तर?"

"हसू देत. दोघांवर हसतील. अर्धं अर्धं वाटून घेऊ." आणि तिनं तिथल्या तिथं, भिंतीला टेकून, डोळे मिटले आणि मान वर केली.